इफ्तारनंतरची पहिली विडी

मगरिबची अजान होते. खजूर तोंडात जातो, पाण्याचे दोन घोट पोटात उतरतात आणि दस्तरखानावरची भजी अजून गरम असतानाच घरातला एखादा माणूस हळूच उठतो. चपला सरकवून मागच्या गल्लीत जातो. काडी ओढल्याचा आवाज येतो. मग खोकला. हा खोकला घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो, म्हणून कोणी मान वर करून पाहत नाही. पहाटे सहरी संपल्यापासून तेरा-चौदा तास या माणसाने पाण्याचा थेंब घेतलेला नाही आणि विडीही ओढलेली नाही. रोजा सुटल्यावर मात्र जेवणाआधी त्याला आठवली ती विडी.

मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी अशा मागांच्या गावांत असा माणूस सहज सापडेल. साठी उलटलेली. तीस-चाळीस वर्षे विडी ओढलेली आणि तेवढीच वर्षे सुताच्या धुळीत काढलेली. डॉक्टरांनी यंत्रात जोरात फुंकायला लावले आणि कागदावर सीओपीडी असे लिहिले. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या आणि फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटून सैल पडलेले. श्वास आत जातो, पण पुरता बाहेर येत नाही. जिन्यात मधेच थांबावे लागते. सजद्यातून उठताना दम लागतो, म्हणून मशिदीत खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते. एवढे होऊनही विडी सुटलेली नाही. लोक याला हट्ट म्हणतात. सुना-मुले कधी रागाच्या भरात निर्लज्जपणाही म्हणून जातात. दोन्ही शब्द अन्यायाचे आहेत.

उर्दूत तलब म्हणतात, मराठीत तलफ. ही तलफ मेंदूतून येते आणि ती निकोटिनची असते. विडी ओढली की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि साधारण दोन तासांनी रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. पुढच्या दोन तासांत निम्म्याचे निम्मे. या हिशेबाने रोजा सुटायच्या वेळी शरीरात फारच थोडे उरलेले असते. चिडचिड, डोके जड होणे, कशात मन न लागणे हा त्रास सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे उतरत जातो. रोजा धरणारा विडीबाज रमजानच्या पहिल्याच संध्याकाळी यातला अवघड दिवस पार करून बसलेला असतो. चौथा दिवस मात्र त्याच्या वाट्याला येतच नाही, कारण इफ्तारनंतरची एक विडी त्याला पुन्हा सुरुवातीला आणून सोडते. महिनाभर तो सोडण्याचा पहिला दिवस तीस वेळा सोसतो. ज्याला हे तीस वेळा जमते त्याला सोडता येत नाही, हे कसे मानायचे?

यावर त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘आता सोडून काय उपयोग? जे व्हायचे ते होऊन गेले.’ वयाच्या साठाव्या वर्षी हे वाक्य समंजस वाटते. पण ते खरे नाही. गेलेले फुफ्फुस परत येत नाही हे खरे. घसरण मात्र मंदावते. अमेरिका आणि कॅनडात सीओपीडीची सुरुवात झालेल्या हजारो धूम्रपान करणाऱ्यांवर अकरा वर्षे नजर ठेवण्यात आली. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यात मोजत. ओढत राहिलेल्या पुरुषांची ही हवा दरवर्षी साधारण 66 मिलिलिटरने घटली, सोडून दिलेल्यांची साधारण 30 ने. निरोगी माणसाचीही वयामुळे वर्षाला 25-30 मिलिलिटर घटतेच. 66 आणि 30 मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो. दहा वर्षांत तो 360 मिलिलिटर होतो, आणि ज्याच्याकडे सगळी मिळून एक-सव्वा लिटर हवा उरली आहे, त्याच्यासाठी हा फरक न्हाणीघरापर्यंत आपल्या पायांनी जाण्याचा असतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासातही साठीला सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलेले दिसले.

‘सिगारेट नाही, साधी विडी ओढतो’ हा दुसरा बचाव. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, एवढे बरोबर. पण तेंदूच्या पानातून हवा नीट शिरत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ती जास्त वेळा आणि जास्त जोराने ओढावी लागते. छातीत जाणारा धूर काही साधा नसतो. 2016-17 च्या सर्वेक्षणात देशातील 7.7 टक्के प्रौढ विडी ओढणारे होते आणि 4 टक्के सिगारेट ओढणारे. आपल्याकडच्या छातीच्या दुखण्यांचा विचार म्हणूनच विडीपासून सुरू करावा लागतो.

रमजानमध्ये आणखी एक विपरीत गोष्ट घडते. इनहेलरने रोजा तुटतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्याकडचे अनेक मुफ्ती तुटतो म्हणतात. अरब देशांतल्या काही मोठ्या विद्वानांनी तुटत नाही असे म्हटले आहे. रुग्ण सावधगिरी म्हणून इनहेलर दिवसभर फडताळात ठेवतो. धाप सोसतो, पण पंप घेत नाही. आणि संध्याकाळी फडताळ उघडण्याआधी त्याच्या हातात काडेपेटी येते! औषध थांबवण्याइतका काटेकोर झालेला माणूस धुराच्या बाबतीत एवढा सैल कसा होतो? खरे तर काही इनहेलर दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यायचे असतात. सहरी आणि इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना सांगून ते बसवून घेता येतात. ज्याला तेही झेपत नाही त्याच्यासाठी कुराणातच सवलत आहे. आजाऱ्याने रोजे पुढे ढकलावेत. बरा होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे, त्याला फिदया म्हणतात. ही सवलत घेतल्याने कोणाचे ईमान कमी होत नाही. गल्लीतले लोक काय म्हणतील या भीतीने धापा टाकत रोजा धरणाऱ्यांना हे घरच्यांनीच सांगायला हवे.

तंबाखूबद्दल धर्म काय सांगतो, हेही विचारले जाते. तंबाखू मुळात अमेरिकेतून आलेली, म्हणून जुन्या ग्रंथांत तिचे नाव सापडणार नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या मुघल सरदाराला ती विजापुरात दिसली आणि त्याने ती अकबराच्या दरबारात नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली. म्हणजे डॉक्टरांचे न ऐकण्याची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे! 1617 मध्ये जहांगीरने बंदी घातली, ती टिकली नाही. पुष्कळ काळ उलेमा तंबाखूला मकरूह, म्हणजे नापसंत, म्हणत आले. शरीराचे नुकसान सिद्ध झाल्यावर आता अनेक जण हराम म्हणतात. पण नुसत्या फतव्याने किंवा फर्मानाने सुटण्यासारखी ती असती, तर या चारशे वर्षांत केव्हाच सुटली असती.

सोडवण्यात घराचा वाटा असतो. पाहुण्यांसमोर पाणउतारा करून कोणाची विडी सुटत नाही, तो फक्त आणखी लांबच्या गल्लीत जातो. तलफेची लाट काही मिनिटांची असते. अवघड वेळ आहे ती इफ्तारपासून ईशाच्या नमाजपर्यंतची. त्या वेळात मुलाने बापाला एकटे सोडू नये. बरोबर मशिदीपर्यंत जावे, वाटेत दोनदा थांबावे लागले तर थांबावे. (मुलगा स्वतः नाक्यावर सिगारेट ओढत असेल, तर त्याने आधी ती टाकावी.) ‘हळूहळू कमी करतो’ या वायद्यावर फार विसंबू नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के चार आठवडे टिकले, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी 39 टक्के. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, ते इफ्तारनंतर चघळता येते. तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. पाकिटावर चित्राशेजारी छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक सरकारी मोफत मदतीचा आहे. तो रोज खिशात असतो आणि कोणी वाचत नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. सोडल्यावर काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो, कारण श्वासनळ्या स्वतःची सफाई पुन्हा सुरू करतात. ‘ओढत होतो तेव्हाच बरा होतो’ म्हणून पुष्कळ जण इथेच माघारी फिरतात. आणि ज्याच्या घरी ऑक्सिजनचे मशीन आले आहे, त्याच्या खोलीत काडी पेटवणे म्हणजे अंथरुणाला आग लावून घेणे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आगीला भडकवतो.

श्रावण पाळणाऱ्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. महिनाभर सांभाळलेले कोणत्या संध्याकाळी सुटते, हे त्यांनाही ठाऊक असते. इथे ती संध्याकाळ चाँदरातीची. बाजार रात्रभर उघडा, पानाच्या टपऱ्यांवर गर्दी, सगळे दोस्त एकत्र. मागावर तीस वर्षे शेजारी उभा राहिलेला हिंदू मित्र रमजानभर त्याच्यासमोर विडी पेटवत नाही, आडोशाला जातो. हा लिहाज आपल्या गावांत अजून शिल्लक आहे. ईदच्या दिवशी तोच मित्र शीरखुर्म्याला येतो आणि वाटी खाली ठेवून दोघे ओट्यावर आले की जुन्या सवयीने बंडल पुढे करतो. या वर्षी त्याने ते खिशातच राहू द्यावे. ओट्यावर बडीशेपेची वाटी आतून मागवता येते.