शिबिर चालवतो कोण?



पोराला उन्हाळी शिबिराला धाडताना आपण फी विचारतो, जेवणाचं विचारतो; सांभाळणार कोण, ते विचारत नाही.

१९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांचे शिबिर भरवले. बड्यांची अन् कष्टकऱ्यांची मुले एकत्र होती. त्यांच्या चार टोळ्या केल्या. तोडणीच्या टोळीला मुकादम, तसा प्रत्येकीला एक थोरला मुलगा नायक. टोळीच्या वागण्याची जबाबदारी त्याचीच. वर जाणती माणसे होतीच.

पन्नास पोरांमागे एकच माणूस असेल, तर विहिरीवर, कालव्यावर लक्ष कुणाचं? बेणं आपण डोळा पाहून घेतो. शिबिराची माणसंही तशीच पारखा, मगच पोर धाडा.

— ऊस विकास अधिकारी