अनामतीचा टक्का वाढवून काय होणार?

नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला किंवा कालव्याच्या अस्तरीकरणाला तडे गेले, की एक मागणी हमखास पुढे येते: कंत्राटदाराकडून अनामत जास्त घ्या. मागणी रास्त वाटते. ज्याचे पैसे अडकलेले असतात तो काम नीट करतो, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. पण विदर्भातल्या सरकारी कामांचा गेल्या काही दशकांचा अनुभव पाहिला, तर खरी गळती दुसरीकडेच दिसते. अनामत किती टक्के घेतली यापेक्षा ती काम संपेपर्यंत जिवंत ठेवली का आणि वेळ आल्यावर वटवली का, यावर जनतेच्या पैशाची सुरक्षितता ठरते. या दोन्ही गोष्टी कंत्राटदाराच्या नव्हे, सरकारी कार्यालयाच्या हातात आहेत.

गोसीखुर्दचेच पाहा. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटी रुपयांचा होता. पुढे तो 18 हजार कोटींच्याही पार गेला. चौकशी समित्यांनी कालव्यांच्या दर्जावर बोट ठेवले. 2016 पासून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नागपुरात गुन्हे नोंदवले. त्यांतल्या काही प्रकरणांत असा आरोप होता, की निविदेत एकमेकांचे स्पर्धक म्हणून उतरलेल्यांची बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, एकाच कंत्राटदाराच्या खात्यातून भरली गेली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण बयाणा किती टक्के होता याने इथे काही फरक पडला असता का? दुप्पट असता तर दुप्पट भरला गेला असता. पैसे कुठल्या खात्यातून आले हे निविदा उघडतानाच तपासणारा कोणी असता, तर मात्र फरक पडला असता. गोसीखुर्दवर चौकशा झाल्या, खटले झाले, विधिमंडळात गदारोळ झाला. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने सदोष कामांपोटी अनामतीतून किती रक्कम वसूल केली, हा प्रश्न मात्र कधी मुख्य झालाच नाही.

टक्का चढवण्याचा प्रयोग राज्यात आधीच सुरू आहे. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराने काम घेणाऱ्याकडून सार्वजनिक बांधकाम विभाग अतिरिक्त सुरक्षा ठेव मागतो. सूत्र ढोबळमानाने असे: 10 टक्क्यांपर्यंत कमी दर असेल तर 1 टक्का, त्यापुढे 15 टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे आणखी 1 आणि 15 च्या पुढे दर टक्क्यामागे 2. म्हणजे 10 कोटींचे काम 19 टक्के ‘बिलो’ने घेतले, तर नेहमीच्या ठेवीशिवाय 14 टक्के, सुमारे 1 कोटी 40 लाख रुपये द्यावे लागतात. हेतू चांगला आहे. पण ही ठेव बँक हमीच्या रूपात द्यायची तर बँक तारण मागते, मुदत ठेव अडकवायला लावते. आधीच 19 टक्के दर पाडलेल्या माणसाचे खेळते भांडवल त्यात गुंतते आणि ती कसर तो खडी, सिमेंट आणि मजुरीतून भरून काढायला बघतो. काम बिघडल्यावर ती ठेव जप्त होणारच, अशी त्याला धास्ती असेल तर हा मोह आवरतो. ती धास्ती नसेल, तर जास्त अनामत म्हणजे दर्जा घसरण्याचे आणखी एक कारण.

धास्ती का नसते, याचे उत्तर विभागीय कार्यालयातल्या फायलीत सापडते. बँक हमीला मुदत असते. काम रेंगाळते, मुदतवाढीचा प्रस्ताव मंजूर होतो, पण हमीची मुदत वाढवून घ्यायची राहून जाते. कामाची तारीख पुढच्या जूनपर्यंत गेलेली आणि कपाटातली हमी मार्चमध्येच संपलेली. अशी निरीक्षणे कॅगच्या अहवालांत वर्षानुवर्षे येतात. हमी मुदतीत असली तरी वटवताना चूक होते. बिहार सरकारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये हमी वटवणे बेकायदा ठरवले, कारण तो अधिकार मुख्य अभियंत्याचा असताना पत्र कार्यकारी अभियंत्याने धाडले होते. आणि मुळात हमीच बनावट असेल तर? शेजारच्या मध्य प्रदेशात जल निगमाला एका कंपनीने सुमारे 183 कोटींच्या आठ बनावट हमी दिल्याचे प्रकरण सीबीआयने 2025 मध्ये पुढे आणले. निगमाने खातरजमेसाठी विचारणा केली, तर बँकेच्या नावाने बनवलेल्या ईमेलवरून होकारही आला, असे तपासात म्हटले आहे. अशा कागदावर 3 टक्के लिहिले काय किंवा 10 टक्के, तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही शून्यच.

यावर कंत्राटदारांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सरकार स्वतः देयके वेळेवर देत नाही, मग आमचीच अनामत का जप्त करायची? राज्यभरात सुमारे 89 हजार कोटींची देयके थकल्याचा दावा त्यांच्या संघटनांनी 2025 मध्ये केला. आकड्यावर वाद होऊ शकतो, थकबाकीवर नाही. पण यातून अनामत ढिली सोडावी असे निघत नाही. उलट, थकलेल्या देयकांमुळे अधिकाऱ्याची नैतिक बाजू लंगडी पडते आणि निकृष्ट काम करणाऱ्याला आयती सबब मिळते. हमी वटवायला घेतली की तो म्हणतो, आधी माझे पैसे द्या. म्हणून शिस्त दोन्ही बाजूंना हवी. मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन मंजूर झालेल्या देयकाला ठरावीक दिवसांनंतर आपोआप व्याज लागले पाहिजे, तसेच दोषदायित्व कालावधीत दुरुस्तीची नोटीस धुडकावणाऱ्याची ठेवही आपोआप जप्त झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप लहान कंत्राटदारांचा: कडक अनामतीने बाजार मोठ्या कंपन्यांच्या हाती जाईल. तो टक्का वाढवण्याला लागू पडतो, वटवण्याला नाही. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत कामगिरी अनामत 5 ते 10 टक्के होती. कोविडकाळात ती 3 टक्क्यांवर आणली, आता 3 ते 10 टक्के आहे. भांडवलाचा भार हलका करण्याचा पर्यायही आहे. विमा नियामकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एप्रिल 2022 पासून विमा कंपन्या हमीपत्र, म्हणजे शुअरिटी बॉण्ड, देऊ शकतात. देशातले असे पहिले विमा उत्पादन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याच हस्ते सुरू झाले. विमा कंपनी कंत्राटदाराची कुवत आणि जुनी कामे तपासून बॉण्ड देते, म्हणजे पात्रतेची आणखी एक चाळणी लागते. अमेरिकेत 1935 च्या मिलर कायद्याने संघीय बांधकामांना असा बॉण्ड सक्तीचा केला. तिथे तो साधारणपणे कंत्राटाच्या पूर्ण रकमेचा असतो आणि सोबत मजूर व पुरवठादारांच्या देण्यांसाठी वेगळा बॉण्ड लागतो. आपल्याकडे मुख्य कंत्राटदार पळाला तर पोटकंत्राटदार आणि मजूर उघड्यावर पडतात. विमा कंपनी दावा नाकारील, ही भीती अनाठायी नाही. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या लेखी मागणीवर बिनशर्त पैसे देणाराच बॉण्ड स्वीकारणे.

मग नागपुरात बसून काय मागायचे? मागणी छोटी आहे. हमी कागदावर न घेता, बँक जिथे ती थेट ऑनलाइन देते त्या राष्ट्रीय ई-हमी यंत्रणेतूनच घ्यावी, म्हणजे बनावटीला वाव उरणार नाही. हमीची मुदत वाढल्याची नोंद झाल्याशिवाय कामाला मुदतवाढ मिळू नये. आणि पाटबंधारे महामंडळ, बांधकाम विभाग व महापालिका यांनी प्रत्येक मोठ्या कामासमोर अनामतीची रक्कम, ती कधी संपते आणि जप्त झाली का, हे तीन रकाने संकेतस्थळावर टाकावेत. निविदा आज ऑनलाइन दिसते, अनामतीचे पुढे काय झाले ते दिसत नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि कंत्राटदारावर एका रुपयाचाही बोजा पडत नाही. हिवाळी अधिवेशनात विदर्भाच्या आमदारांनी टक्का वाढवण्याची घोषणा मागण्याऐवजी गेल्या 5 वर्षांत किती हमी वटवल्या आणि किती मुदतीअभावी वाया गेल्या, एवढीच माहिती पटलावर ठेवायला लावावी. टक्का कमी पडतो की इच्छा, याचा निकाल त्या दोन आकड्यांवरच लागेल.