बोल्ट बदलण्याआधी

थ्री नॉट थ्रीचा जमाना संपला असे आपण म्हणतो, पण दुरुस्तीच्या टेबलावर ती अजून येतेच. मुंबईवरच्या नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या हातातल्या या रायफलीवर पुष्कळ बोलले गेले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला रीतसर निरोप दिला. तरीही शस्त्रागारांतल्या जुन्या साठ्यात ती आहे, आणि तिच्याच धर्तीवर आपल्या आयुध निर्माणींनी बनवलेल्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीच्या रूपाने परवानाधारकांच्या घरातही आहे. तक्रारही ठरलेली असते : ‘बोल्ट ढिला झालाय, दुसरा बसवून द्या.’ ही तक्रार ऐकली की लगेच सुट्या भागांच्या पेटीत हात घालायची सवय आपल्या धंद्यात रुळली आहे. ती मोडायला हवी.

मुळात ढिला म्हणजे काय? थ्री नॉट थ्रीचा, म्हणजे ली-एनफिल्डचा, बोल्ट मागे ओढल्यावर डावीउजवीकडे हलतो, खडखडतो. नवी कोरी रायफलही थोडीफार खडखडते, कारण चिखलात, वाळूत, थंडीत ती चालावी म्हणून ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. उघड्या बोल्टची खडखड ऐकून निदान करणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. बोल्टची परीक्षा तो बंद असताना, भार घेत असतानाच होते.

हा भार कुठे जातो, ते पाहू. मॉझरच्या बोल्टचे लग पुढे, चेंबरला लागून असतात. ली यांच्या रचनेत ते मागे आहेत : उजवीकडे बोल्टची लांब बरगडी रिसीव्हरच्या खांद्याला टेकते आणि डावीकडचा छोटा लग त्याच्या खाचेत बसतो. बार उडाला की पुंगळीचा मागचा धक्का बोल्ट हेडवर येतो, तिथून बोल्टच्या पूर्ण लांबीतून या दोन टेकूंवर पोचतो. दोन्ही टेकू सारखे टेकले, तर रायफल वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. एकच टेकला, तर सगळा मार एका बाजूला बसतो, गोळ्यांचा जमाव बिघडतो आणि रिसीव्हरची ती बाजू दबत जाते. म्हणूनच कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या रिसीव्हरला हाताने जुळवला जाई आणि दोघांवर एकच क्रमांक ठोकला जाई. पेटीतून हाताला लागेल तो बोल्ट उचलून बसवला की हे जुळवलेले नाते तुटते. क्रमांक जुळत नसलेली रायफल समोर आली, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

आता माप. .३०३ चे काडतूस काठाचे आहे. त्याची हेडस्पेस काठाच्या जाडीवर ठरते. लष्करी गेज दोन : ०.०६४ इंचावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, ०.०७४ इंचावर बंद होता कामा नये. गेज लावण्याआधी बोल्टमधून स्ट्रायकर आणि स्प्रिंग काढा, बोल्ट हेडचा चेहरा आणि चेंबरचे तोंड पुसून कोरडे करा. दांडा एका बोटाने, नुसत्या वजनाने खाली न्या. बोल्टच्या दांड्याची तरफ जबरदस्त असते. मूठ आवळून दाबले तर न बसणारे गेजही ‘बसते’ आणि निदान चुकते. जिवंत काडतूस गेज म्हणून वापरणारे लोक अजून आहेत, हे लिहावे लागणे हीच शरमेची गोष्ट आहे.

०.०७४ वर बोल्ट बंद झाला, तरी लगेच बोल्ट बदलायचा नाही. आधी बोल्ट हेड पाहा. तो आट्यांवर फिरवून बसवलेला वेगळा भाग आहे आणि हेडस्पेस सुधारण्याची सोय तिथेच करून ठेवली आहे. नंबर चारच्या रायफलीत बोल्ट हेडवर ०, १, २, ३ असे आकडे असतात. आकडा वाढला की लांबी वाढते. नंबर एकच्या, म्हणजे आपल्या ईशापूरच्या थ्री नॉट थ्रीच्या बोल्ट हेडवर असे आकडे नसतात, त्यामुळे मायक्रोमीटरने मापून लांब हेड निवडावे लागते. हेड हाताने फिरवून बसवल्यावर ते बोल्टच्या बरगडीशी जुळून थांबायला हवे. बरेच पुढे फिरत असेल तर आटे झिजले आहेत. पत्र्याची चकती घालून किंवा हेडच्या चेहऱ्यावर वेल्डिंग करून लांबी वाढवण्याचे ‘जुगाड’ कुणी केलेले दिसले, तर तो भाग तिथेच बाद करा.

लांब हेड लावून माप आले, तरी पुढचा प्रश्न उरतोच : माप गेले कशाने? यासाठी दिव्याची काजळी पुरते. दोन्ही लगांच्या टेकणाऱ्या बाजूंवर काजळीचा पातळ थर द्या, चेंबरमध्ये ०.०६४ चे गेज ठेवा, बोल्ट हलकेच काही वेळा उघडा-मिटा आणि बाहेर काढा. दोन्हीकडे काजळी सारखी पुसली गेली असेल तर जोड ठीक आहे. एकीकडे धातू चमकतो आहे आणि दुसरीकडे काजळी जशीच्या तशी असेल, तर रोग सापडला. मग रिसीव्हरच्या खांद्यावर टॉर्च धरा. धातू दबून कड उमटली असेल तर ती नखालाही लागते. लगांचा आणि खांद्याचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, पण तो थर पातळ असतो. तो झिजून आतला मऊ धातू उघडा पडला की पुढची झीज झपाट्याने होते. त्यामुळे जास्त टेकणारा लग घासून दुसऱ्याला बरोबरीला आणण्याचे काम केसागणिक, दगडानेच करावे. कानशीला इथे काम नाही.

बोल्टच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी बोल्टच्या नसतातच. पुंगळी बुडापासून तुटून पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकला, की ‘बोल्ट गेला’ म्हणतात. .३०३ चे चेंबर खांद्याशी मुळातच सैल असते. पुंगळी दर बाराला ताणली जाते आणि पुन्हा भरून वापरली तर बुडाशी पातळ होते. हेडस्पेस चोख असूनही हे घडते. बार न उडता कॅपवर नुसता उथळ ठसा उमटला, तर थकलेली स्प्रिंग, बोल्टमध्ये साचलेले घट्ट ग्रीस किंवा स्ट्रायकरचे टोक पाहा. ते चेहऱ्याबाहेर ०.०४० इंचापेक्षा कमी येत असेल तर दोष तिथे आहे. (बार उडाला नाही, तर किमान अर्धा मिनिट बोल्ट उघडू नये, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, हे नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगा.) बोल्ट पुढे ढकलताना कॉकिंग पीस सियरवर न थांबता सोबत निघून येत असेल, तर बोल्टची बॉडी निर्दोष आहे, सियरची आणि कॉकिंग पीसची कड तपासा. बारानंतर दांडा उचलायला जड जात असेल, तर आधी चेंबरमधला गंज पाहा.

गंजाचे मूळ बहुतेकदा काडतुसात असते. जुन्या लष्करी काडतुसांच्या कॅपमधले क्षार नळीत आणि बोल्टच्या चेहऱ्यावर उरतात, हवेतले पाणी ओढतात. तेलाने ते जात नाहीत. म्हणूनच त्या काळी नरसाळ्याने नळीतून उकळते पाणी ओतत, मग पुलथ्रूने चिंधी ओढून तेल लावत. कोकणातल्या पावसाळ्यात तर ही पद्धत आजही सोडू नये. मात्र गोळीबाराआधी चेंबर आणि काडतूस पूर्ण कोरडे हवे. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, त्यामुळे बोल्टवरचा धक्का वाढतो. पूर्वी प्रूफच्या वेळी मुद्दाम तेल लावलेले काडतूसही उडवत, ते याच कारणाने.

अदलाबदलीबाबत दोन इशारे. ईशापूरची ७.६२ मिलिमीटरची रायफल दिसायला थ्री नॉट थ्रीची बहीण वाटते, पण तिचे काडतूस बिनकाठाचे आहे. हेडस्पेस खांद्यावर ठरते, गेज वेगळी, एक्स्ट्रॅक्टर वेगळा. दोघींचे बोल्ट एकमेकींना लावू नका. दुसरे, कवायतीसाठी ‘डीपी’ शिक्का मारलेल्या रायफलींचे भाग गोळीबाराच्या रायफलीत कधीही घालू नका. तो शिक्का कशासाठी मारला, हे भागाकडे पाहून कळत नाही. खाजगी रायफलीच्या बाबतीत, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला आणि चाचणीलाही परवाना लागतो, याचाही विसर नको.

वाचकांना आमची विनंती एवढीच : प्रत्येक रायफलीच्या नावे वहीत एक पान ठेवा. रिसीव्हर आणि बोल्टचे क्रमांक, गेजचा निकाल, बोल्ट हेडची लांबी, लगांचा टेकू आणि तारीख लिहा. पुढच्या तपासणीत लांबी तीच असून माप वाढले असेल, तर झीज लगांत किंवा रिसीव्हरमध्ये आहे, हे रायफल न उघडताच कळेल. आणि उपलब्ध असलेले सर्वांत लांब हेड लावूनही ज्या रायफलीचा बोल्ट ०.०७४ वर बंद होतो, किंवा जिच्या रिसीव्हरचा खांदा दबला आहे, तिच्यावर आणखी खर्च करू नका. वहीत ‘गोळीबारास अयोग्य’ असा शेरा मारा, खाली सही करा आणि तो शेरा कुणाच्याही आग्रहाखातर बदलू नका.