अख्खी काढायची की गाठीपुरती?



माझ्या थोरल्या दिरांची पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली आणि उजव्या किडनीवर गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती साडेतीन सेंटिमीटर भरली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरचीच शक्यता जास्त. घरात सगळे जमले आणि एकमत झालं, "अख्खी किडनी काढून टाका, पीडा जाऊ दे. एका किडनीवर माणूस आरामात जगतो." मीही मान डोलावली.

मोठ्या जाऊबाई तेवढ्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "नुसती गाठ काढून बाकीची किडनी ठेवता नाही का येणार?"

येणार होती! गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि जागा सोयीची असेल, तर आज शक्यतो गाठीपुरताच भाग काढतात. ७ सेंटिमीटरपर्यंतही काही वेळा जमतं. अशा लहान गाठीत कॅन्सरवरचा इलाज दोन्हीकडे जवळपास सारखाच होतो.

"एका किडनीवर जगतात" हे खरं आहे, पण आपण उदाहरण देतो किडनी दान करणाऱ्यांचं. दाता तर सगळ्या तपासण्या करून निरोगी निवडलेला असतो. आमच्या भावजींना पंधरा वर्षं मधुमेह आणि वर बीपी. मी कॉमर्सची, म्हणून मला हे राखीव निधीसारखं वाटतं. ज्याचा खर्च पुढे वाढणार हे दिसतंय, त्याने निम्मी ठेव एका दिवसात मोडू नये.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अनेकांत नुसतं तोंडाने म्हटल्यासारखं होईल. अर्धवट काढण्याच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आणि लघवी झिरपण्याचा धोका थोडा जास्त असतो. युरोपच्या पुढाकाराने ५४१ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, निकाल २०११ मध्ये आला. किडनीचं काम अर्धवट काढलेल्यांचं चांगलं राहिलं, पण ते जास्त जगले असं काही दिसलं नाही. गाठ मोठी असेल, मधोमध असेल किंवा शिरेत शिरली असेल, तर अख्खी काढणंच शहाणपणाचं. तिथे हट्ट धरू नये. आमच्याकडूनही सहीच्या कागदावर "गरज पडल्यास पूर्ण काढू" असं आधीच लिहून घेतलं होतं.

तरीही माझं मत ठाम आहे. भीतीपोटी "सगळंच काढा" म्हणणं म्हणजे धीर नव्हे. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. गाठ केवढी आणि कुठे आहे? दुसरी किडनी किती काम करते? नुसतं क्रिएटिनिन नको, जीएफआरचा आकडा मागा. आणि गाठीपुरतं ऑपरेशन इथे होत नसेल, तर कुठे होतं?

भावजींचं ऑपरेशन गाठीपुरतंच झालं. दोन वर्षं झाली, तपासण्या चालू आहेत. दशलक्षण पर्वात ते पूर्वी निर्जल उपवास करत, ते डॉक्टरांनी बंद केलेत. पहिल्या वर्षी फार हळहळले. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे ना? शक्ती बघून तप करायचं." आता ते पाणी पितात आणि स्वाध्यायाला सर्वांच्या आधी येऊन बसतात.