सूनबाईंची ४२ मिनिटं

मैत्रिणींनो, मालवणच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. एम.बी.बी.एस. झालेली, पदरात दोन वर्षांची मुलगी. एम.डी.च्या प्रवेशासाठी 'नीट पीजी' परीक्षा एकदा दिली, पण जागा मिळाली नाही. पुन्हा बसायचं म्हणते, तर सासूबाई म्हणतात, "डॉक्टर झाली मां, आता आणि कसली परीक्षा?" ती लिहिते, 'पुस्तक उघडलं की चोरी केल्यासारखं वाटतं.'

बाई गं, चोरी कसली त्यात? पण सासूबाईंवरही रागावू नकोस. ही परीक्षा काय असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. दुपारी भांडीकुंडी आवरली की त्यांच्याजवळ बस आणि सांग. प्रश्न २००, गुण ८००. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. ४० प्रश्नांचा एक, असे ५ भाग; प्रत्येकाला ४२ मिनिटं. वेळ संपली की तो भाग बंद, पुन्हा उघडता येत नाही.

म्हणून घरात 'दिवसभर अभ्यास' मागू नकोस, ४२ मिनिटं माग. गजर लाव. तेवढा वेळ मुलगी आजीजवळ, कुकरच्या शिट्ट्या दुसरं कुणी मोजेल. दाराशी कुणीही आलं तरी तुला हाक नको. असं रोज दोनदा. रविवारी मात्र सकाळी ९ ते १२.३० पाचही भाग एका बैठकीत सोडव. २०२५ ची परीक्षा याच वेळेत झाली. त्या दिवशी पेज यजमानांनी करावी. ढवळत राहिले तर करपणार नाही!

आणखी एक. २०२४ साली ११ ऑगस्टला, २०२५ साली ३ ऑगस्टला, दोन्ही वेळा परीक्षा श्रावणातच आली. तेव्हा चतुर्थीची झाडलोट परीक्षेनंतर, हे आधीच ठरवून टाका. केंद्र लांब आलं तर आदल्या दिवशीच पोचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि घाटात दरडीचं भय.

आता सासूबाई, दोन शब्द तुमच्याशी. ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं, तरी दुखणं अवघड झालं की आपल्याकडची माणसं अजून बांबोळीची वाट धरतात. तज्ज्ञ डॉक्टर आपल्याच घरातून निघाली तर नको का? त्यासाठी तुमच्याकडून पैसा नको, फक्त नातीला तेवढा वेळ सांभाळा.

आणि पोरी, जागा मिळो न मिळो, तू डॉक्टर आहेसच. निकाल लागला की पत्र टाक.

– तुमची ताई