वेबसाइट अखंड नको, सुट्या भागांची हवी

वाई, सातारा, सांगली, मिरज या पट्ट्यातील आपले अनेक व्यापारी व कारागीर आता आपल्या मालाची वेबसाइट करून घेत आहेत. रक्कम ठरते, पडद्यावर पाने दिसतात आणि व्यवहार पुरा झाला असे समजले जाते. ती पाने आतून कशी जोडली आहेत, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते नफा-नुकसान ठरते ते नेमके तिथेच.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतार एका ओंडक्यातून कोरून काढत नाहीत. भोपळा, दांडी, तबली, घोडी, खुंट्या हे भाग निरनिराळे तयार होतात आणि मग जुळवले जातात. खुंटी खराब झाली तर खुंटी बदलतात, सतार मोडीत काढत नाहीत. वेबसाइटच्या दर्शनी बाजूचे कामही आज याच रीतीने होते. बटण, किंमतपट्टी, मालाचे चित्र, मीटर निवडण्याची चौकट असा प्रत्येक भाग एकदाच बनवायचा आणि हवा तिथे बसवायचा. या भागाला कंपोनंट म्हणतात. फेसबुकने 2013 साली सर्वांसाठी खुले केलेले ‘रिअ‍ॅक्ट’ याच पद्धतीवर चालते.

याचा फायदा कापडवाल्यांना चटकन समजेल. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. पूर्वी नगामागे 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के व त्यावर 12 टक्के होता. आता 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के व त्यावर 18 टक्के आहे. ज्या वेबसाइटवर कराचा हिशेब पानोपानी वेगळा लिहिला आहे, तिथे दोनशे पाने असतील तर दोनशे दुरुस्त्या कराव्या लागतात. किंमतपट्टी हा एकच भाग असेल तर एका जागी दुरुस्ती केली की काम झाले. एखादे पान सुटले तर गिऱ्हाइकाला एक भाव दिसतो आणि बिलावर दुसरा येतो. मग प्रश्न कोडचा राहत नाही, जबानीचा होतो.

मात्र भाग सुटे असले म्हणजे पुरे झाले असे नाही. ते जुळवण्याचाही हुन्नर आहे. कच्चा कारागीर एकाच भागात सारे कोंबतो. साडी असेल तर हे दाखव, शर्टपीस असेल तर ते दाखव, असे खटके वाढवत जातो. दहा खटके झाले की त्याचे त्यालाच उमगत नाही. तरबेज कारागीर साधी चौकट करतो आणि मधली जागा रिकामी सोडतो. साडीसाठी तिथे पदराचे चित्र बसते, थानासाठी मीटरची निवड बसते. चौकट तीच राहते. एका भागाने दुसऱ्याचे गुण वारशाने घेण्यापेक्षा भाग एकमेकांत बसवावेत, हाच सल्ला रिअ‍ॅक्टच्या माहितीपुस्तिकेनेही दिला आहे.

आम्हा उर्दू शिकलेल्यांची आणखी एक गरज आहे. मालेगाव, भिवंडीचे अनेक व्यापारी उर्दूत वाचतात आणि उर्दू उजवीकडून चालते. भाग बनवताना ‘डावी कड, उजवी कड’ असे पक्के लिहिले तर उर्दू पानावर बाण व चित्रे चुकीच्या बाजूला पडतात. ‘सुरुवातीची कड, शेवटची कड’ असे लिहिले तर तोच भाग मराठीत व उर्दूत सारखाच चालतो. ‘बूटस्ट्रॅप’ हा गाजलेला संच 2011 साली आला. उजवीकडून चालणाऱ्या लिप्यांची सोय त्यात 2021 साली पाचव्या आवृत्तीत आली. ही सोय आपण सौद्याच्या वेळीच मागितली पाहिजे.

फुकट मिळणारे भाग जरूर वापरावेत, पण डोळे उघडे ठेवून. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जेमतेम अकरा ओळींचा भाग त्याच्या कर्त्याने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला, तेव्हा जगभर हजारो कामे अडून बसली. म्हणून वापरलेल्या प्रत्येक भागाची प्रत आपल्याजवळ असावी.

एकाच पानावर पत्ता आणि फोन एवढेच द्यायचे असेल, त्याला हा खटाटोप नको. पण ज्याचा माल रोज बदलतो, त्याने सौदा करताना तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: भाग सुटे असतील, उर्दूत व मराठीत चालतील आणि त्यांचा कोड मालकाच्या ताब्यात राहील.

याहून पुढची आमची सूचना अशी की, वाईपासून मिरजेपर्यंतच्या पाच-दहा दुकानदारांनी खर्च वाटून असा एक संच करून घ्यावा. नाव, रंग, भाव ज्याचे त्याचे. किंमतपट्टी आणि मागणीचे बटण सर्वांचे. घरातील शिकलेल्या मुलामुलींना हे काम द्यावे. आज प्रत्येकजण त्याच बटणाचे पैसे वेगवेगळे मोजतो आहे. ही उधळपट्टी थांबवणे आपल्याच हाती आहे.