दंड चालकाला, बल्ब मात्र बाजारात मोकळा
बेंगळुरू : डोळे दिपवणाऱ्या एलईडी हेडलाइटविरुद्ध कर्नाटकात १ जुलै २०२४ पासून राज्यव्यापी कारवाई सुरू झाली. समोरच्या चालकाचे डोळे दिपणे हे अपघातांचे एक मोठे कारण असल्याचे सांगत तत्कालीन अपर पोलीस महासंचालक (वाहतूक व रस्ता सुरक्षा) आलोक कुमार यांनी सर्व पोलीस आयुक्त व जिल्हा पोलीस अधीक्षकांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली गुन्हे नोंदवण्याचे निर्देश दिले होते. या कलमान्वये दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, तर त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत होतो.

कारवाईची गरज होती, याबद्दल दुमत नसावे. दुचाकीस्वार, ओरखडे पडलेल्या काचेचे हेल्मेट घातलेले चालक आणि मोतीबिंदूची सुरुवात झालेले ज्येष्ठ यांना या झोताचा सर्वाधिक त्रास होतो. मात्र ज्या टोकाकडून ही कारवाई सुरू झाली, तेथून ती फार दूर जाऊ शकत नाही.

एलईडी दिवा मुळातच घातक असतो, हा समज चुकीचा आहे. कारखान्यातूनच एलईडी बसवून आलेल्या हेडलाइटमध्ये आरसा, भिंग आणि प्रकाशस्रोत यांची रचना परस्परांना अनुसरून केलेली असते व ती चाचणीतून गेलेली असते. बिघाड होतो तो हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचल्यावर. अनेक मोटारींत असणाऱ्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. त्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेली असते. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी पट्टीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या चिप असतात. पट्टीची जाडी आणि चिपची जागा थोडी जरी चुकली, तरी झोताची वरची कड फिसकटते आणि डिपरवर असलेली मोटारही समोरच्याला अप्परवर असल्यासारखी भासते. गंमत अशी, की मोटारमालकालाही यातून नेहमीच लाभ होतो असे नाही. बॉनेटसमोरचा रस्ता पांढराशुभ्र उजळतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि दूरचा खड्डा अधिकच अंधारात जातो.

तरीही बल्ब बदलणारा प्रत्येक जण हौशी नसतो. दहा वर्षे जुन्या मोटारीचे प्लास्टिकचे हेडलाइट पिवळे पडलेले असते, रस्त्यावर दिवे नसतात आणि पाऊस असतो. हेडलाइटचे आवरण घासून स्वच्छ करणे व झोताची उंची पुन्हा जुळवणे हा अनेकदा यावरचा खरा उपाय असतो. पण बेंगळुरूच्या जे. सी. रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात बल्ब विकत घेणे त्याहून सोपे आहे.

कायद्यात उणीव आहे ती मोजमापाची नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ व्या नियमाने कसोटी स्पष्टच दिली आहे : दिव्याच्या पुढच्या बाजूपासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला झोताने दिपवता कामा नये. परंतु रात्री भरधाव रहदारीत उभ्या असलेल्या हवालदाराला ही कसोटी लावता येत नाही. त्याला केवळ पांढरा, प्रखर दिवा दिसतो. त्यामुळे कारखान्याचा वैध एलईडी दिवाही संशयाच्या घेऱ्यात येऊ शकतो, तर बेताच्या प्रकाशाचा पण चुकीच्या जागी बसलेला बल्ब सुटू शकतो.

२०१९ मध्ये बदललेल्या कलम १८२-अ मध्ये विक्रेत्यापर्यंत पोहोचण्याची वाट आहे. केंद्र सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला आणि मानकांत न बसणारा भाग विकल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्नाटकातील मोहीम मात्र ५०० रुपयांच्या कलमावर आधारलेली आहे. पुण्यात खरेदी केलेला बल्ब राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कागल ओलांडून निपाणीत शिरतो, तेव्हा एका राज्याच्या पोलिसांची मर्यादाही उघड होते.

सरसकट बंदी हा एकच पर्याय नाही. जर्मनीत २०२० मध्ये ऑसराम कंपनीच्या एलईडी बल्बला रस्त्यावरील वापरासाठी परवानगी मिळाली, पण ती ठरावीक मोटारींच्या ठरावीक हेडलाइटपुरती. तोच बल्ब यादीबाहेरच्या मोटारीत बसवला तर तो बेकायदा ठरतो. अशी यादी भारतात करायची झाल्यास चाचणी संस्थांना बल्ब आणि हेडलाइट यांची जोडी एकत्र तपासावी लागेल. एकट्या बल्बच्या खोक्यावरील शिक्का त्यासाठी पुरणार नाही.

तपासणीचा प्रश्न याहून अवघड आहे. व्यावसायिक वाहने ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्रासाठी केंद्रात येतात आणि तेथे यंत्रावर हेडलाइटचा झोत तपासता येतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते. तिसऱ्या वर्षी बदललेला बल्ब पुढील १२ वर्षे कोणत्याही निरीक्षकासमोर न येता रस्त्यावर राहू शकतो.